कीटकभक्षी वनस्पतींची फुले खुडावीत काय?

रोपाला फूल आले की मनास आनंद होतो. ते खुडून टाकावे असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु गतवर्षी आमच्या सुरतेच्या शाळेतील विज्ञानकक्षात व्हीनस फ्लायट्रॅपच्या कुंडीतून फुलाचा दांडा वर आला, तेव्हा तो ठेवावा की कापावा, असा वाद आम्हां विद्यार्थ्यांत उत्पन्न झाला. बहुमताने तो राखला. पांढरी फुले उमलली. पण नवी पाने खुरटी निघाली आणि वैशाखात रोप वाळून गेले. उन्हाचा दोष होताच. तथापि अशक्त रोपावर फुलांचा भार आम्हीच राहू दिला होता.

या वनस्पती निकस, पाणथळ जमिनीत वाढतात. सूर्यप्रकाशात अन्न त्या तयार करतातच. नत्र व स्फुरद यांची उणीव मात्र कीटक पचवून भरून काढतात. ही मिळकत कोठे खर्च होते? चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, या वनस्पतीच्या काही रोपांना मांसाचे कण दिले, तर काहींना दिले नाहीत. पोसलेल्या रोपांचा सर्वांत मोठा लाभ बियांत दिसून आला, असे त्यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केले. यावरून फूल आणि बी हा या वनस्पतींचा केवढा मोठा खर्च आहे, हे ध्यानी येते.

मग प्रत्येक फूल खुडावे काय? तसे नाही. फ्लायट्रॅप बहुवर्षायू आहे. त्याचा जमिनीतील कंद त्यास वर्षानुवर्षे जगवितो. म्हणून रोप लहान वा अशक्त असल्यास दांडा दोन इंच होताच स्वच्छ कात्रीने कापावा. तो ओल्या शेवाळात खोचल्यास कधीकधी त्यापासून नवे रोपही मिळते. सशक्त रोपास मात्र खुशाल फुलू द्यावे.

याउलट, साताऱ्याजवळील कास पठारासारख्या सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात उगवणारा ड्रॉसेरा इंडिका हा एका हंगामाचा सोबती. ओल सरली की तो संपतो. मागे उरते ते केवळ बी. त्याचे फूल खुडणे म्हणजे वंशच खुडणे होय. रानातील रोपास तर हातही लावू नये.

विद्यार्थिमित्रहो, कात्री हाती घेण्यापूर्वी एवढेच विचारावे : हे रोप पुढील वर्षी कंदातून उगवणार की बियांतून? यंदा आम्ही नव्या फ्लायट्रॅपचा दांडा वेळीच कापला; शेजारच्या कुंडीत बियांपासून वाढविलेला दवबिंदू मात्र निर्वेधपणे फुलू दिला.