बारावीचे भौतिकशास्त्र : समजलेले उत्तरपत्रिकेत उतरावे म्हणून

वसई-विरार परिसरातील ज्या घरांतून आपले विद्यार्थी येतात, त्यांपैकी अनेक घरांत विज्ञान शाखेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. भौतिकशास्त्राचा निकाल हाती आला की अशा घरांत एकच निष्कर्ष निघतो : 'मुलाला विषय झेपला नाही.' वर्गात आणि सायंकालीन अभ्यासिकेत मुलांसोबत बसणाऱ्या आम्हां शिक्षकांना हा निष्कर्ष सहसा पटत नाही. सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासताना आढळते ते निराळेच. मुलाला सिद्धान्त ठाऊक असतो, तोंडी विचारले तर तो नीट सांगतोही. गुण जातात ते डोक्यातून कागदावर येण्याच्या वाटेत.

या वाटेवरील पहिला अडथळा भाषेचा. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलापुढे अकरावीपासून इंग्रजी पुस्तक येते. त्वरणाचे 'ॲक्सेलरेशन' होते, विभवांतराचे 'पोटेन्शियल डिफरन्स' आणि पृष्ठताणाचे 'सरफेस टेन्शन'. संज्ञा बदलल्या तरी संकल्पना त्याच आहेत, हे मुलाला कोणीतरी स्पष्ट सांगावे लागते. त्यासाठी दोन रकान्यांची एक वही पुरते. तथापि संज्ञांपेक्षा अधिक घात होतो तो प्रश्नातील क्रियापदांमुळे. 'स्टेट' म्हटले असता नियम नेमक्या शब्दांत लिहायचा, विवेचन करीत बसायचे नाही. 'डिस्टिंग्विश' म्हटले असता दोन रकाने आखून फरक समोरासमोर मांडायचे. 'ऑब्टेन ॲन एक्स्प्रेशन' याचा अर्थ सूत्र नुसते लिहा असा नसून ते आकृतीसह पायरीपायरीने सिद्ध करा, असा आहे. हा अर्थ न उमगल्यामुळे एका ओळीचे उत्तर लिहून समाधानाने पुढे गेलेली मुले आम्ही दरवर्षी पाहतो.

दुसरा अडथळा आकडेमोडीचा, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. मंडळाच्या परीक्षेत गणकयंत्रास परवानगी नाही, लॉगटेबलास आहे. मात्र भ्रमणध्वनीवर गणिते सोडवण्याची सवय जडलेला विद्यार्थी लॉगटेबल उघडतो तो थेट परीक्षेच्या महिन्यात. 'रोटेशनल डायनॅमिक्स' या पहिल्याच प्रकरणातील एक साधे उदाहरण घेऊ. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावरून वाहन ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणार आहे. घर्षणावर विसंबून न राहता ते सुरक्षित वळावे यासाठी रस्त्याला किती अंशांचा उतार द्यावा? कोनाचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. वेग प्रथम सेकंदाला १० मीटर असा बदलून घेतला की अंशस्थानी १०० आणि छेदस्थानी ५० गुणिले ९.८, म्हणजे ४९०. शंभराचा लॉग २, चारशे नव्वदचा २.६९०२. वजाबाकी ऋण येते, आणि ती 'बार एक, पूर्णांकानंतर ३०९८' अशीच लिहावी लागते. अँटिलॉग घेतला की ०.२०४१ मिळतात, कोन ११ अंश ३२ मिनिटे.

याच गणितात मुले कोठे घसरतात? काही जण वेग बदलतच नाहीत, ३६ चाच वर्ग करतात. मग कोन येतो सुमारे ६९ अंश. इतक्या उताराच्या रस्त्यावर रिक्षा नुसती उभी केली तरी उलटेल! काही जण ऋण चिन्ह विसरून ०.६९०२ चा अँटिलॉग काढतात आणि ४.९ लिहून मोकळे होतात. हा तर बरोबर उत्तराचा नेमका व्यस्त. दोन्ही ठिकाणी सूत्र अचूक असते. उत्तर लिहून झाल्यावर 'असा रस्ता आपण कधी पाहिला आहे काय?' एवढा प्रश्न स्वतःला विचारला असता, तर चूक जागच्या जागी सापडली असती. म्हणून आम्ही अभ्यासिकेत रोज दोनच गणिते देतो, पण ती लॉगटेबलाने, एककांसह आणि शेवटी उत्तराच्या शक्यतेविषयी एक वाक्य लिहून.

वेळेचा हिशोब त्या मानाने सोपा आहे. ७० गुणांच्या लेखी परीक्षेला तीन तास मिळतात, म्हणजे गुणामागे अडीच मिनिटांहून थोडा अधिक वेळ. पहिल्या विभागातील १८ गुण सक्तीचे आहेत. बहुपर्यायी प्रश्नांत प्रथम लिहिलेला पर्यायच धरला जातो, म्हणून खाडाखोड व्यर्थ. पुढे दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचेही बारापैकी आठ आणि चार गुणांचे पाचपैकी तीन प्रश्न सोडवायचे असतात. ही निवड करण्यासाठी सारे प्रश्न आधी वाचावे लागतात, आणि नेमके तेच घाईत राहून जाते. सिद्धतेत एखादी पायरी आठवली नाही तरी आकृती, गृहीतके आणि जेवढे येते तेवढे लिहावे. कोऱ्या जागेला कोणताही परीक्षक गुण देऊ शकत नाही.

उरलेले ३० गुण प्रात्यक्षिकाचे. त्यांना पालक 'हमखास मिळणारे' समजतात, हे आम्हांला मान्य नाही. मीटर ब्रिजवरील शून्यबिंदू स्वतः शोधलेल्या मुलाला लेखी परीक्षेतील व्हीटस्टनचा प्रश्न पाठ करावा लागत नाही. रोजच्या वंदनेत आपली मुले 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे 'या आणि पाहा'. प्रयोगशाळेच्या दारावर लावायला याहून योग्य शब्द आम्हांला तरी सुचत नाही. वही शेजाऱ्याची पाहून उतरवली की हे पाहणेच राहून जाते.

पालकांना इंग्रजी येत नसेल, भौतिकशास्त्र तर नाहीच नाही. तरीही त्यांच्या हाती एक काम आहे. मूल सुटीत घरी आले की एखादे गणित मराठीत समजावून सांगायला लावावे. रेल्वेच्या वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच का असतो, हे विरारच्या लोकलमधून रोज उभ्याने प्रवास करणाऱ्या वडिलांना पटवून देता आले, तर ते प्रकरण मुलाचे झाले असे समजावे.

माजी विद्यार्थ्यांकडे मात्र आमचे मागणे थोडे मोठे आहे. डिसेंबर-जानेवारीत सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे साचतात. तपासून परत देताना प्रत्येक मुलाशेजारी दहा मिनिटे बसून 'येथे गुण का गेला' हे दाखवणारे कोणी हवे असते. अभियांत्रिकी, औषधनिर्माण वा अध्यापनात असलेल्यांनी दोन रविवार दिले तरी पुष्कळ होईल. आणि घरात जुनी लॉगटेबले पडून असतील तर तीही सोबत आणावीत. त्यांतील आकडे जुने होत नाहीत.