घेणाऱ्याचीही तयारी लागते

चि. समीर यास,


काल दादाचा फोन आला. तुझी रजा मंजूर झाली, खंडव्याचं तिकीट आलं आणि कार्तिकी एकादशी झाली की तू नर्मदा परिक्रमेला निघणार, हे ऐकून फार आनंद झाला. तू पाठवलेली सामानाची यादीही वाचली. तिच्याविषयी लिहितेच, पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर.

अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत मैया १३१२ किलोमीटर वाहते. दोन्ही तीर चालायचे आणि धरणांच्या जलाशयांना वळसे घालायचे, म्हणजे अंतर अडीच-तीन हजार किलोमीटरच्या घरात जातं. एवढ्या वाटेचा शिधा कुणालाही पाठीवर नेता येत नाही. काठावरची माणसं परिक्रमावासीयांना जेवू घालतात, ओसरीवर आसन लावायला जागा देतात, म्हणून ही परिक्रमा पार पडते. तेव्हा तयारी करताना सारखं स्वतःला विचार: माझ्याकडून जे कमी राहील, त्याचा भार कुणावर पडेल?

पायांपासून सुरुवात कर. दिवसभर चालून पाय सुजतात, म्हणून बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे हवेत, आणि ते आत्तापासून पायात हवेत. उरलेल्या दिवसांत भरलेली सॅक पाठीवर घेऊन रोज सकाळी चाल. कुठे घासतं, कुठला पट्टा खांद्यात रुततो, ते घरीच कळू दे. मोजे रोज धुऊन कोरडे घाल. फोड आला तर कातडी ओढून काढू नकोस, स्वच्छ करून पट्टी लाव. दुर्लक्षाने जखम चिघळली, तर ज्या घरी तू मुक्कामाला असशील, तिथला कर्ता माणूस आपला रोज बुडवून तुला मोटरसायकलवरून तालुक्याच्या दवाखान्यात नेईल आणि पेट्रोलचेही पैसे घेणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही निघण्याआधीच घे.

आता सॅक. सात-आठ किलोंच्या वर एक वस्तू नको. तुझ्या यादीतला तंबू, गॅसची शेगडी आणि कपड्यांचे जास्तीचे जोड काढून टाक. अंगावरचा एक आणि सॅकेतला एक, एवढे कपडे पुरतात. पांघरुणात मात्र काटकसर करू नकोस. पौषातल्या पहाटे उघड्या ओसरीवर थंडी हाडात शिरते, आणि अमरकंटक तर हजार मीटरच्याही वर आहे. स्वतःचं ताट, वाटी आणि पेला ने. टॉर्च, ओआरएसच्या पुड्या आणि तुझी नेहमीची औषधं वरच्या कप्प्यात ठेव. नदीत साबण लावायचा नाही, हे लक्षात असू दे.

ओंकारेश्वरला परिक्रमेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यासाठी आधारकार्डाच्या प्रती आणि फोटो वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. पुढे वाटेतल्या आश्रमांत आणि ग्रामपंचायतींत त्या प्रमाणपत्रावर शिक्के मिळतात. घरचे फोन नंबर एका कागदावर लिहून त्याच पिशवीत ठेव. डोंगरात मोबाइल बंद पडला, तर तोच कागद कामाला येईल.

भुसावळ, बऱ्हाणपूर करत गाडी खंडव्याला पोचेल. तिथून ओंकारेश्वर रस्त्याने सुमारे ७० किलोमीटर आहे. रात्रभराचा प्रवास करून त्याच दिवशी चालायला लागू नकोस. तिथे दोन दिवस हाताशी ठेव, कारण ओंकारेश्वराचं मंदिर नदीतल्या मांधाता बेटावर आहे आणि एकदा संकल्प केला की परिक्रमा पूर्ण होईपर्यंत मैया ओलांडायची नसते. म्हणून बेटावरचं दर्शन आधी घे. ममलेश्वर दक्षिण तीरावरच आहे. त्याचं दर्शन, मग घाटावर मुंडन, स्नान, पूजा, कन्यापूजन, आणि कुपीत जल भरून घेणं, हे सगळं शांतपणे होऊ दे. ती कुपी रोज पूजायची आणि परिक्रमा पूर्ण झाली की तिच्यातलं जल ओंकारेश्वराला वाहायचं. त्यानंतर नदी सतत उजव्या हाताला.

दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालास की बडवाणीच्या पुढे शूलपाणीची झाडी लागेल. तिथली काही वाट आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातून जाते. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती याच डोंगरांतली. ज्या पाड्यावर तुला भाकरी मिळेल, त्या घरची काठावरची काळी जमीन कदाचित पाण्याखाली गेलेली असेल. या झाडीत परिक्रमावासीयांना लुटत असत, असं जुन्या वर्णनांत वाचलं असशील. आज तिथूनच ‘नर्मदे हर’ म्हणून चहाला हाक येते.

समीर, आजवर तू प्रत्येक गोष्टीचे पैसे मोजत आलास. तिथे ते चालत नाहीत. त्यामुळे काही जण इतके संकोचतात की समोर आलेलं ताटही नाकारतात, आणि देणाऱ्याचं मन मोडतं. काहींना थोड्याच दिवसांत तो आपला हक्क वाटायला लागतो. मग चहा गोड हवा, खोली वेगळी हवी, अशा फर्माइशी सुरू होतात. तू या दोन्हींपासून लांब राहा. भूक नसेल तर घासभर घे, पण घे. पानात आलेलं टाकू नकोस. सदाव्रतात कोरडा शिधा मिळाला, तर एका वेळेपुरताच घे, कारण तुझ्यामागून आणखी कुणी येत असतं. माणसांचे, त्यांच्या घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस. सकाळी निघण्याआधी झोपलेली जागा झाड, हंडाभर पाणी भरून दे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ दोन घटका बस. नीट घेणं ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि माझ्या मते तुझ्या तयारीतला हा सर्वांत मोठा भाग आहे.

परतीची तारीख मात्र मनातून काढून टाक. नदीच्या मुखाशी कठपोरहून मिठी तलाईला समुद्रातून जाणारी नाव भरती पाहून सुटते. तिथे थांबावं लागलं तर थांबायचं. तारखेला बांधलेला माणूस तापातही चालतो आणि शेवटी कुणाच्या तरी दारात कोसळतो. बरं नसेल तर आश्रमात सांगून पडून राहा.

निघण्याआधी एक संध्याकाळ तुझ्या आईसाठी ठेव. तिला नकाशावर वाट दाखव. कुठल्या भागात रेंज नसते ते सांग, आणि तिथे चार-पाच दिवस फोन आला नाही तरी घाबरायचं नाही, हे तिच्याशी बोलून ठरव. तिची काळजीही तुझ्याच तयारीत मोडते.

आज रात्री सॅक पुन्हा भर, वजन कर आणि मला कळव. आठ किलोंच्या वर भरली तर काय काढायचं ते मी सांगते. खंडव्याला उतरलास की फोन कर.

नर्मदे हर.

तुझी,
आत्या