चांगल्यात मिसळू नकोस

अगं, आधी मुद्द्याचं सांगते, मग बाकीचं. लोंबीतच मोड आलेला तो गहू चांगल्या गव्हात मिसळू नकोस. घरात कुणीतरी म्हणणारच, "टाका एकत्र, पोत्यात कुणाला कळतंय?" सासूबाईच म्हणाल्या तर तोंडावर नाही म्हणू नकोस, पण मळणीच्या वेळीच दोन ढीग वेगळे पडतील असं बघ. का, ते समजून घे, म्हणजे त्यांनाही पटवता येईल.

आणि बियाणं खोटं निघालं का, आपलं काही चुकलं का, हे डोक्यातून काढ. दाणा पिकत आला की त्याच्यात अ‍ॅबसिसिक आम्ल नावाचं संप्रेरक असतं, ते उगवण रोखून धरतं. जिबरेलिन नावाचं दुसरं असतं, ते उगवण सुरू करतं. पहिल्याचा जोर असेपर्यंत दाणा ओला झाला तरी उगवत नाही, हीच सुप्तावस्था. रानटी गवतांच्या बियांत ती पुष्कळ टिकते. पण माणसानं हजारो वर्षं तेच बी राखून ठेवलं जे पेरल्याबरोबर एकसारखं उगवतं. उगवण झटपट हवी होती, ती मिळाली; आता ऐन काढणीला पाऊस आला की तोच दाणा लोंबीतही झटपट उगवतो. त्यात दाणा भरताना ऊन कडक असलं तर सुप्तावस्था आणखी कमजोर होते. लाल सालीचे गहू साधारणपणे जास्त तग धरतात, पण आपल्याला चपातीला पिवळसर, चकचकीत दाणा लागतो ना!

आता आत काय बिघडलं ते ऐक. दाण्यातली प्रथिनं म्हणजे आईनं अंकुराला बांधून दिलेली शिदोरी. आपण तीच शिदोरी काढून घेतो आणि तिच्या चपात्या लाटतो. गव्हात ही प्रथिनं मुख्यतः दोन, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. पाणी घालून मळलं की दोन्ही मिळून ग्लुटेनची जाळी तयार होते. ग्लुटेनिन तिला ताठपणा देतं, ग्लायडिन ती लांबवू देतं. कोरड्या दाण्यात ही प्रथिनं गंधकाच्या बंधांनी घट्ट जखडलेली असतात. उगवण सुरू झाली की थायोरेडॉक्सिन नावाचं एक छोटं प्रथिन ते बंध सोडवतं, मग विकरं आतल्या साठ्याचे तुकडे करू लागतात. या थायोरेडॉक्सिनवर कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात बॉब ब्युकॅनन यांनी खूप काम केलं आहे. ते कमी केलेल्या गव्हात लोंबीतले मोडही कमी येतात, असं प्रयोगांत दिसलं आहे.

पण चपातीचा घात प्रथिनांपेक्षा जास्त पिष्टाकडून होतो. दाण्याच्या सालीखालचा थर अल्फा-अमायलेज नावाचं विकर सोडतो आणि ते पिष्टाची साखर करत सुटतं. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत अशा गव्हातली प्रथिनं मोजली तर टक्केवारी जवळपास पूर्वीइतकीच येते. आकडा शाबूत, काम बिघडलेलं. कणीक हाताला चिकटते, थोडी ठेवली की सैल पडते, पावाचा गर आतून गिच्च राहतो.

आणि मिसळू नकोस म्हणते ते या विकरामुळेच. ते स्वतः खर्ची पडत नाही. थोडंसं असलं तरी पाणी आणि ऊब मिळाल्यावर आजूबाजूच्या चांगल्या पिठावरही काम करत राहतं. म्हणून पोत्यात मोडाचे दाणे थोडे असले तरी नुकसान थोडं राहत नाही. मोठ्या गिरण्यांत याची एक साधी चाचणी आहे: 7 ग्रॅम पीठ, 25 मिलिलिटर पाणी, नळी उकळत्या पाण्यात धरून ढवळायची, मग ढवळणी खाली बसायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. चांगल्या गव्हाला 300 सेकंदांच्या आसपास किंवा जास्त लागतात. मोड आलेल्याची खळ पातळ होते आणि ढवळणी भसकन खाली जाते.

तुझ्याकडे यंत्र नाही, चूल तर आहे? मागच्या वर्षीच्या गव्हाचं आणि या गव्हाचं सारखंच पीठ, सारखंच पाणी घेऊन दोन पातेल्यांत मंद आचेवर खळ शिजव. कुठली आळत नाही ते लगेच दिसेल. ही परीक्षा मोड न दिसणाऱ्या ढिगाचीही कर. कोंब बाहेर यायच्या आधीच आत विकर तयार झालेलं असू शकतं, नुसती चकाकी गेलेली दिसते.

आता कशाचं काय करायचं ते सांगते.

बियाण्याला या गव्हातला दाणाही ठेवू नकोस. कोंब फुटून वाळला की तो दाणा बहुतेक मेलेलाच. ज्या ढिगाबद्दल शंका आहे त्यातले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव. प्रमाणित गव्हाच्या बियाण्याची उगवण किमान 85 टक्के लागते, ज्वारीची 75. त्याहून कमी आली तर बियाणं विकत घे.

या गव्हाच्या कुरडया मुळीच घालू नकोस. तीन दिवस भिजवायचं, चीक काढायचा, आणि शिजवताना तो आळायचाच नाही. उन्हाळ्याची मेहनत पाण्यात. बुरशी नसली तर कडकडीत वाळव आणि लाडवाला, लापशीला खमंग भाजून वापर. भाजल्यावर विकर थंडावतं. धिरड्यांनाही चालेल, तिथे ग्लुटेनच्या ताणाची फारशी गरज नसते.

बुरशी मात्र वेगळी गोष्ट. काळा, हिरवट, कुबट वासाचा दाणा माणसालाही नको आणि गोठ्यातही नको. 1995 मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली, बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. बुरशीतलं फ्युमोनिसिन हे विष त्यामागे सापडलं. धुऊन, शिजवून हे विष जाईल या भरवशावर राहू नकोस. आणि ज्वारीला मोड आले तर मटकीसारखी उसळ करू नकोस हं. तिच्या कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी चरून जनावरं दगावतात ती त्यामुळेच.

तू विचारशील, मग बाळाला नाचणीला मोड आणून सत्त्व देतो ते कसं? तिथे हेच विकर उपयोगी पडतं. खीर पातळ होते, म्हणून तितक्याच वाटीत जास्त धान्य बसतं आणि बाळाला गिळताही येतं. मोड आपण ठरवून आणायचा, वेळेवर वाळवून थांबवायचा.

पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी तुझ्या अहोंच्या कानावर घाल. ज्वारीच्या दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा भरून झालेला असतो. पावसाचा अंदाज असेल तर आणखी वाळायची वाट न बघता कणसं काढा आणि पातळ पसरून वाळवा. ओल्या कणसांचा किंवा पेंढ्यांचा ढीग करून ताडपत्रीखाली दाबून ठेवू नका, आत वाफ धरते. पोत्यात भरताना ओलावा 12 टक्क्यांपेक्षा जास्त नको.

विकताना खराब ढीग खराब म्हणूनच दाखवा. त्याचा भाव कमी येईल, येऊ दे. चांगल्या ढिगाचा भाव तरी पूर्ण हातात पडेल.