तुटलेला तारा आणि उचंत खाते
(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आकाशाविषयी लिहावे, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्रांना कदाचित हसू येईल. परंतु या लेखाचा खरा विषय आकाशापेक्षा साक्षीदार हा आहे. साक्ष, पुरावा आणि नोंद यांच्याशी आम्हा हिशेबनिसांचा रोजचाच संबंध असतो. त्या अधिकाराने हे चार शब्द.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या भाताची मळणी चालू होती. बेळगाव परिसरातील रिवाजाप्रमाणे रात्री खळ्यावर राखणीला कोणीतरी थांबावे लागते. त्या रात्री मी, माझी आज्जी आणि शेजारच्या शेताचे मालक असे तिघे होतो. शेजारी कन्नडभाषक आहेत. आम्ही त्यांना लहानपणापासून मामाच म्हणतो. आज्जी घोंगडे पांघरून पिंजराच्या गंजीला टेकून बसली होती. पावणेदहाच्या सुमारास एकाएकी सगळे खळे उजळले. गंजीची काळी सावली जमिनीवरून झरकन फिरून गेली. मान वर केली तो दक्षिणेकडे हिरवट पांढरा गोळा डावीकडून उजवीकडे खाली उतरत होता. त्याचे दोन तुकडे झाले आणि राजहंसगडाच्या बाजूला तो दिसेनासा झाला.

"तारा तुटला!" मी ओरडलो. त्याच क्षणी मामा म्हणाले, "चुक्की बित्तु!" मराठीत तारा तुटतो, कन्नडमध्ये तो पडतो. प्रत्यक्षात त्या प्रकाशात तारा कुठेच नसतो, हे दोन्ही भाषांना सारखेच लागू आहे.

आज्जी मात्र वेगळेच म्हणाली. "वाजलं बघ त्ये! तापल्या तव्यावर पाणी टाकल्यावाणी सर्रर्र झालं. उजेड पडला तवाच."

मी हसलो. बारावीपर्यंतचे सामान्य विज्ञान माझ्या डोक्यात ताजे होते. मी तिला ऐटीत हिशेब सांगितला. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, आवाज जेमतेम ३३० मीटर. उल्का ८० किलोमीटर उंचीवर असेल तर तिचा आवाज यायला चार मिनिटे लागतील. तेव्हा उजेडाबरोबर आवाज येणे शक्यच नाही, तो भास होता. मामांनीही मान डोलावली. आज्जी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तू शिकल्याला. तुझंच खरं असंल."

ते वाक्य मला त्या वेळी शाबासकीसारखे वाटले होते. आता तसे वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम उल्का म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. अवकाशात दगडधातूंचे असंख्य कण सूर्याभोवती फिरत असतात. त्यांतला एखादा सेकंदाला किमान ११ आणि कमाल सुमारे ७२ किलोमीटर वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरतो. पुढची हवा दाबली जाऊन विलक्षण तापते, कण वितळतो, त्याची वाफ होते आणि प्रकाशाची रेघ उमटते. आपण नेहमी पाहतो त्या उल्का वाळूच्या कणाएवढ्या किंवा वाटाण्याएवढ्या असतात. शुक्रापेक्षाही तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. जळून उरलेला जो भाग जमिनीवर पोचतो, तो अशनी.

दुसऱ्या दिवसापासून मी चौकशी सुरू केली. वहीचे एक पान आखले आणि पाच साक्षीदारांचे म्हणणे पाच रकान्यांत लिहिले: आज्जी, मामा, पहाटे दूध घालणारा गवळी, शहरात गच्चीवर अभ्यास करणारा एक वर्गमित्र आणि खानापूरला राहणारा दुसरा मित्र. ऑडिटिंगच्या तासाला आम्हाला शिकवले आहे की, प्रत्येक नोंदीला व्हाउचर हवे आणि एका व्हाउचरची दुसऱ्याशी पडताळणी हवी. तेच करून पाहिले.

रंगाविषयी तिघे हिरवा म्हणाले, एक पांढरा, एक तांबडा. आकाराविषयी एकाने चंद्राएवढा सांगितला, एकाने नारळाएवढा. गवळ्याच्या मते तो "चांगला मिनिटभर" दिसत होता, वर्गमित्राच्या मते चार सेकंद. मात्र वेळ, डावीकडून उजवीकडे जाण्याची दिशा आणि शेवटी झालेले दोन तुकडे, या तीन गोष्टींवर पाचही जणांचे एकमत होते.

सर्वांत बोधप्रद ठरली पडण्याची जागा. मामांची खात्री होती की, गोळा राजहंसगडाच्या पलीकडच्या उतारावर पडला. खानापूरच्या मित्राचीही तितकीच खात्री होती की, तो त्यांच्या गावाच्या दक्षिणेला रानात पडला. आता खानापूर बेळगावच्या दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटरवर आहे. गोळा खरोखर गडामागे पडला असता तर खानापूरकरांना तो उत्तरेला दिसायला हवा होता. दोघांनाही तो दक्षिणेलाच दिसला, याचा अर्थ तो दोघांपासूनही फार लांब होता. दोन साक्षी एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या आणि त्यांच्या विसंगतीतूनच सत्य बाहेर आले!

अशी चूक जवळजवळ प्रत्येकाची होते. काळ्या आकाशात अंतराची कल्पना देणारे काहीच नसल्यामुळे डोळा त्या प्रकाशाला जवळच्या झाडाशी किंवा डोंगराशी जोडतो. उल्का ८० किलोमीटर उंचीवर असेल आणि आपल्याला क्षितिजापासून २० अंश वर दिसत असेल, तर तिच्या खालची जमीन आपल्यापासून सुमारे २२० किलोमीटर दूर असते. म्हणजे बेळगावहून जवळपास साताऱ्याइतकी. शिवाय मोठ्या अग्निगोलाचा प्रकाशही जमिनीपासून साधारण २० ते ३० किलोमीटर उंचीवरच विझतो. उरलेला दगड तेथून पुढे अंधारातच खाली येतो. तेव्हा "जळत जळत पलीकडे पडला" असे सांगणाऱ्याने पडणे पाहिलेले नसते, फक्त विझणे पाहिलेले असते.

कालावधीचाही उपयोग होतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील अनेक गावांत लोकांनी आकाशातून ओळीने सरकणारे जळते तुकडे पाहिले. पुष्कळांनी त्यांना उल्का म्हटले. परंतु ते तुकडे सावकाश, जवळजवळ आडवे जात होते. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे तर धातूचे एक मोठे कडे सापडले. चीनच्या एका अग्निबाणाचा पृथ्वीभोवती फिरत राहिलेला भाग खाली आला होता, असा तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला. अशा भागाचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो, म्हणून तो दीर्घकाळ दिसतो. उल्का सहसा काही सेकंदांत संपते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, साक्षीदार चुकतातच, मग त्यांचे ऐकावे कशाला? अठराव्या शतकातील विद्वानांनी नेमके हेच म्हटले होते. १७६८ साली फ्रान्समधील ल्यूसे गावी शेतकऱ्यांनी आकाशातून दगड पडताना पाहिला. त्याचे परीक्षण करणाऱ्या समितीत थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. दगड पृथ्वीवरचाच, फार तर त्यावर वीज पडली असावी, असा त्यांनी निर्णय दिला. चूक शेतकऱ्यांची नव्हती, समितीची होती.

हे मत पालटू लागले ते एका कायद्याच्या पदवीधरामुळे. जर्मनीचा क्लाडनी वडिलांच्या आग्रहाखातर कायदा शिकला होता. त्याने ग्रंथालयात बसून अग्निगोलांच्या व पडलेल्या दगडांच्या जुन्या हकिकती गोळा केल्या. त्याला दिसले की, वेगवेगळ्या देशांतील, वेगवेगळ्या शतकांतील, एकमेकांचे नावही न ऐकलेले लोक तेच तेच सांगत आहेत. सगळ्यांनी ठरवून खोटे बोलणे अशक्य, हा वकिली न्याय लावून त्याने १७९४ साली पुस्तक लिहिले आणि दगड अवकाशातून येतात असे ठामपणे मांडले. पुष्कळांनी त्याची थट्टा केली.

पुढचा भक्कम पुरावा आपल्या देशातून गेला. १९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास बनारसजवळ मोठा अग्निगोल दिसला आणि क्राखुट गावाच्या परिसरात दगड पडले. एका चौकीदाराने दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या साहेबाला एक दगड आणून दिला आणि सांगितले की, हा माझ्या झोपडीचे छप्पर फोडून जमिनीत रुतला. जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रजाने अशा हकिकती नोंदवून दगडांसह इंग्लंडला पाठविल्या. तेथे एडवर्ड हॉवर्ड याने १८०२ साली त्यांचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. बनारसचे दगड आणि युरोपात पडलेले दगड यांची घडण सारखी होती आणि त्यांतील लोखंडात निकेल होते. चौकीदाराच्या सांगण्याला प्रयोगशाळेने दुजोरा दिला.

२६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल येथे भर दुपारी दोन-तीन हजार दगड पडले, तेव्हा सरकारने २९ वर्षांच्या बियो या शास्त्रज्ञाला चौकशीला पाठविले. तो गावोगाव हिंडला. निरनिराळ्या धंद्यांच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांना त्याने प्रश्न विचारले आणि दगड कोठे कोठे सापडले ते पाहिले. लोकांची साक्ष आणि वस्तूंची साक्ष असे दोन भाग करून त्याने अहवाल दिला. त्यानंतर आकाशातून दगड पडतात हे बहुतेक विद्वानांनी मान्य केले.

आता आज्जीच्या आवाजाकडे वळतो. माझा हिशेब चुकीचा नव्हता. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर व्यासाचा दगड साधारण ३० किलोमीटर उंचीवर फुटला. प्रकाश पाहून लोक खिडक्यांशी धावले. धक्का दोन-एक मिनिटांनी पोचला, काचा फुटल्या आणि सुमारे १५०० लोक जखमी झाले. म्हणून मोठा अग्निगोल दिसल्यास खिडकीपासून दूर राहावे, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

परंतु आवाजाचा आणखी एक प्रकार शेकडो वर्षांपासून लोक सांगत आले आहेत: उजेडाबरोबरच येणारा सळसळ, सर्रसर्र असा बारीक आवाज. १७१९ साली इंग्लंडवर मोठा अग्निगोल दिसला. धूमकेतूमुळे प्रसिद्ध असलेल्या हॅले यांनी लोकांच्याच सांगण्यावरून त्याची उंची ६० मैलांहून अधिक काढली. त्याच लोकांपैकी काहींनी आवाज ऐकल्याचे सांगितले, तेव्हा मात्र ती निव्वळ कल्पना ठरविली. इतक्या उंचीवरून आवाज लगेच येणारच नाही, हे त्यांचे कारण. माझेही तेच होते. इतक्या मोठ्या माणसाच्या पंक्तीला चुकीच्या बाबतीत का होईना, मी जाऊन बसलो!

१९८० साली ऑस्ट्रेलियाचे कॉलिन के यांनी सुचविले की, अग्निगोलातून अतिशय कमी कंपनसंख्येच्या रेडिओलहरी निघत असाव्यात. त्या प्रकाशाच्याच वेगाने येतात आणि जवळच्या वस्तूंना कंप देतात. २०१७ साली अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दुसरे स्पष्टीकरण दिले. पौर्णिमेच्या चंद्राइतका तेजस्वी अग्निगोल फार वेगाने लुकलुकतो. त्या प्रकाशाने केस, पाने, गडद कपडे अशा वस्तूंचा पृष्ठभाग क्षणोक्षणी तापतो व निवतो, लगतची हवा हलते आणि ऐकू येईल असा आवाज तेथेच, ऐकणाऱ्याच्या कानाशी, तयार होतो. या दोन्ही विचारांवर अजून चर्चा चालू आहे. पण आवाज ८० किलोमीटरवरूनच आला पाहिजे हे माझे गृहीतच मुळात कच्चे होते.

आज्जी गंजीला टेकून, काळे घोंगडे डोक्यावरून घेऊन बसली होती. गंजीची सावली पडावी इतका उजेड होता. तिने ऐकलेला आवाज आता सिद्ध झाला असे मी म्हणत नाही. पण तो भास होता, हे म्हणण्याचा अधिकारही मला नव्हता.

हिशेबात एखाद्या रकमेचा खुलासा होत नसेल तर ती खोडायची नसते. ती उचंत खात्यात टाकायची आणि खुलासा मिळेपर्यंत पुढे ओढत न्यायची. ल्यूसेच्या शेतकऱ्यांचा दगड विद्वानांनी खोडला. बनारसच्या चौकीदाराचे म्हणणे कोणीतरी नोंदवून ठेवले, म्हणून शास्त्र पुढे गेले.

तेव्हा मित्रहो, असा गोळा दिसल्यास घड्याळ पाहा. जेथे उभे आहात ती जागा लक्षात ठेवा. तो कोणत्या झाडावर दिसू लागला व कोणत्या घरावर विझला ते टिपा. हात लांब केल्यावर आपली मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते, त्या मापाने उंची मोजा. आवाज आला तर केव्हा, तेही लिहा. आणि दुसऱ्याशी चर्चा करण्यापूर्वी लिहा, कारण बोलता बोलता पाच साक्षी एकच होऊन जातात. अशनी सापडल्यासारखा वाटला तर तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडे पोचवावा. आपल्या देशात अशनींचे जतन तोच विभाग करतो.

हे सारे वाचून झाल्यावर मी एका संध्याकाळी आज्जीला सविस्तर सांगितले. ती सुपातले तांदूळ निवडत होती. मी म्हटले, "आज्जी, त्या राती मी उगीच हसलो."

ती खडा वेचून बाजूला टाकत म्हणाली, "म्हंजे वाजलं हुतं म्हण की!"

"अजून नक्की नाही," मी म्हटले. "पण लिहून ठेवलंय."

"मग झालं," ती म्हणाली आणि सूप पाखडू लागली.