शहाळ्याचे पाणी : गुण आणि मर्यादा

अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. उन्हाळ्यात शिर्डी, शनिशिंगणापूरचे यात्रेकरू आणि रानात राबणारे श्रमिक यांना रस्त्याकडेचे शहाळे मोठा दिलासा देते. तथापि, त्याच्या गुणांबरोबर मर्यादाही जाणून घेणे अगत्याचे आहे.

या पेयात सुमारे ९५ टक्के पाणी असते व १०० मिलिलिटरमागे २० च्या आसपास उष्मांक मिळतात. त्यात पोटॅशियम विपुल, सोडियम मात्र अल्प असते. जुलाबावाटे शरीरातील सोडियम मोठ्या प्रमाणात जाते. म्हणून अतिसारात, विशेषतः बालकांसाठी, शहाळे हा जलसंजीवनीचा पर्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार १ लिटर जलसंजीवनीत २.६ ग्रॅम मीठ व १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. जलसंजीवनीची पुडी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते.

मूत्रपिंड दुबळे असल्यास पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची गती बिघडू शकते. अशा रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे पाणी घेऊ नये.

शहाळे फोडताच पाणी प्यावे. कोयता व नळी स्वच्छ असावी. आंबूस वास वा चव आल्यास पाणी टाकून द्यावे. डेन्मार्कमध्ये महिनाभर शीतकपाटाबाहेर ठेवलेल्या, कवच तासलेल्या नारळाचे नासलेले पाणी चाखून एक वृद्ध दगावल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. बुरशीचे विष त्यास कारणीभूत ठरले.

शिक्षकांनी शाळेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे सांगितले तरी पुष्कळ साधेल : तहानेला शहाळे, जुलाबाला जलसंजीवनी.