चेरी श्रिम्पचा घरगुती धंदा: शोभेचा टँक वेगळा, मालाचा टँक वेगळा

व्हिडिओत जे घाईत सांगितलं, ते इथे नीट मांडतो. वही-पेन घेऊन बसा.

नारायण पेठेतल्या आपल्या बॅचच्या एका ताईंनी बारा चेरी श्रिम्प आणल्या. ही गोड्या पाण्यातली बुटकी कोळंबी, जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरची. घरात टँक होताच, त्यात एंजल आणि गप्पी मासे. त्यातच सोडल्या. दोन महिन्यांनी मोजल्या तर उरल्या चार, पिल्लू एकही नाही. "सर, पाणी खराब होतं का हो?" पाणी ठीक होतं. भांडवल एंजल खात होते!

धडा १: कोण कोणाला खातं?
एंजल, गोल्डफिश, बार्ब हे मोठ्या श्रिम्पलाही सोडत नाहीत. गप्पी आणि छोटे टेट्रा मोठीला सहसा त्रास देत नाहीत, पण पिल्लं गट्टम करतात. ऑटो कॅटफिश त्यातल्या त्यात गरीब. म्हणून मिश्र टँकमध्ये श्रिम्प ठेवायच्याच असतील, तर जावा मॉसचं दाट जंगल हवं. तरीही तो टँक हौसेचा. धंद्याला वेगळा टँक हवाच.

धडा २: पाणी
दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये साधारण ४० लिटर पाणी मावतं. सुरुवातीला तेवढा पुरे. स्पंज फिल्टरच लावा, दुसऱ्या फिल्टरमध्ये पिल्लं ओढली जातात. चार ते सहा आठवडे टँक रिकामा चालवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की मगच श्रिम्प आणा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे अँटिक्लोरीन टाकल्याशिवाय वापरू नका.

आता आपल्या घरातली खास चूक. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपण शुद्ध म्हणून पितो. तेच टँकमध्ये ओतू नका! त्यात तांबं उतरतं आणि ते श्रिम्पला विष आहे. मोरचूद असलेली माशांची औषधंही नकोत. डासांचा फवारा, लिक्विड मशीन टँकच्या खोलीत अजिबात नको. उन्हाळ्यात पाणी २८ अंशांच्या वर जायला लागलं, तर झाकण काढून पंखा लावा.

धडा ३: गल्ल्याचा हिशोब
मादी पोटाखाली वीस-तीस अंडी घेऊन तीन-चार आठवडे फिरते. पिल्लं जन्मतःच आईबापासारखी दिसतात, वेगळं काही करावं लागत नाही. (अमानो श्रिम्प मात्र घेऊ नका. तिच्या पिल्लांना खारट पाणी लागतं.)

समजा पाच माद्या, प्रत्येकी वीस पिल्लं. कागदावर शंभर झाली. पण वेळ मोजा: टँक तयार व्हायला दीड महिना, श्रिम्प रुळायला महिनाभर, अंड्यांना एक महिना, पिल्लं विकण्याजोगी व्हायला दोन-अडीच महिने. म्हणजे सहा महिने गल्ल्यात शून्य. हे आधी घरच्यांना सांगा. कर्ज काढून तर मुळीच सुरू करू नका.

आणखी एक. लाल आणि निळ्या एकत्र ठेवू नका. पिढ्या मिसळल्या की रंग मळकट होतो आणि भाव पडतो.

ताईंनी आता वेगळा टँक केलाय. उरलेल्या चार तिकडे हलवल्या, नव्या फक्त दहा घेतल्या. गेल्या आठवड्यात पहिली अंडीवाली मादी दिसली. फोनवर आवाजातच कळलं!

गृहपाठ: टँक घेण्याआधी सहा महिन्यांचा खर्च एका पानावर लिहा. वीजबिल विसरू नका. आणि माल जास्त झाला तर मुठेत सोडू नका. परकी जात आहे, नदीच्या जिवांना धोका. दुकानदाराला द्या, मित्राला द्या.

भेटू पुढच्या धड्यात. तोवर मोजत राहा!