फ्लॉरेन्सच्या आधी अजिंठा

नांदेड

चि. सोनूस,

फ्लॉरेन्सच्या उन्हाळी वर्गाला तुझी निवड झाली, हे ताईनं फोनवर सांगितलं. पाठोपाठ दाजींचा प्रश्नही सांगितला, एवढे पैसे घालून पोरगी तिकडं काय शिकणार? प्रश्न रास्त आहे, रागावू नकोस.

आधी व्यवहाराचं. फीमध्ये राहणं आणि संग्रहालयांची तिकिटं धरली आहेत का, हे त्यांच्याकडून लेखी घे. तिथले क्रेडिट इथं धरतील का, हे तुझ्या कॉलेजकडून. सुती ओढणी जवळ ठेव, उघड्या खांद्यांनी चर्चमध्ये सोडत नाहीत. उन्हाचं मात्र लातूरच्या पोरीला कोणी सांगावं!

आता मुख्य गोष्ट. तू ‘लातूर पॅटर्न’च्या, म्हणजे परीक्षेच्या तयारीच्या, हवेत वाढलीस. त्या सवयीनं उफिझी संग्रहालयात शिरलीस तर रोज शेकडो फोटो, नावं, सनावळ्या गोळा करशील आणि पेपरही छान लिहिशील. पण तेवढं लातूरला बसूनही होतं. तिथं जायचं ते भिंतीसमोर उभं राहायला. फ्लॉरेन्सच्याच ब्रांकाची चॅपेलमध्ये मसाच्चोनं 1420च्या दशकात रंगवलेले आदम आणि ईव्ह आहेत. त्यांचे चेहरे सगळेच बघतात, तू गिलाव्याचे सांधे शोध. तिथं चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग लावायचा, म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. दुसऱ्या दिवसाचा तुकडा जिथं भिडतो, तिथं बारीक रेघ राहते. ती सापडली की चित्रकाराचा एकेक दिवस वेगळा काढता येतो.

अजिंठ्याचं तंत्र निराळं. कातळावर भुसा आणि काड्या घातलेलं मातीचं लिंपण, वर चुन्याचा पातळ हात, आणि रंग कोरड्यावर. ते भिंतीत मुरलेले नाहीत, वर बसलेले आहेत, म्हणून पापुद्रे सुटतात. गंमत म्हणजे महागडा निळा इटलीतही बहुतेकदा कोरड्यावरच लावत, त्यामुळं तोच आधी झडतो. अजिंठ्याचा निळा आणि त्यांचा निळा, दोन्ही अफगाणिस्तानातल्या दगडाचे.

इटली आणि अजिंठ्याची एकदा गाठही पडली आहे. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाची गोष्ट. 1920च्या सुमारास हैदराबादच्या पुरातत्त्व खात्यानं दोन इटालियन तज्ज्ञ अजिंठ्याला बोलावले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. गुलाम याझदानी तेव्हा खात्याचे प्रमुख. सुटत चाललेला गिलावा या दोघांनी पुन्हा भिंतीला बसवला, ते काम मोलाचंच. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं व्हार्निशही चढवलं. पुढं ते पिवळं पडलं, आणि आपल्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावं लागलं. तेव्हा तिथले शिक्षक सांगतील ते मन लावून ऐक, वहीत लिही, पण त्यांनाही प्रश्न विचार. इंग्रजी अडखळली तरी अडखळू दे.

सान मार्कोच्या मठात एक अख्खी सकाळ काढ, बाकी काही चुकलं तरी चालेल. फ्रा अँजेलिकोनं तिथं भिक्षूंच्या एकेका खोलीत चित्रं रंगवली आहेत. राहत्या विहारातली चित्रं कशासाठी असतात, हे अजिंठा पाहून गेलेल्या पोरीला वेगळं शिकवावं लागणार नाही. बहुतेक संग्रहालयांत पेन्सिल चालते, ओले रंग चालत नाहीत. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या स्मरणचित्रासारखं घाईनं उरकू नकोस. एकच चित्र निवड, त्याच्याकडं पुन्हा पुन्हा जा, दर वेळी नव्यानं काढ. फोटो कमी.

तुमच्याकडं काय आहे, असं कोणी विचारलं तर ताजमहालावर थांबू नकोस. आपल्याच मराठवाड्यातल्या होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिराची आणि खरोशाच्या लेण्यांची तुझी स्वतःची स्केचेस बॅगेत असू देत. खरोसा तर तुझ्या घरापासून तासाभरावर, आणि अजून पाहिलं नाहीस, असं ताई म्हणाली. या रविवारी दाजींना घेऊन जा. त्यांच्या प्रश्नाचं थोडं उत्तर तिथंच त्यांना देता येईल.

अजिंठा सोमवारी बंद असतो. पुढच्या शनिवारी तू संभाजीनगरला पोच, मी नांदेडहून येतो. रविवारी सकाळी पहिल्या बसनं लेण्यांकडं जाऊ, गर्दी वाढायच्या आत पहिलं आणि सतरावं लेणं बघायचं. दुर्बीण मी आणतो, वही तू आण.

तुझा,
मामा